आधी आरसा, मग हात, मग पाय

आजही गाडीत बसले की किल्ली फिरवायच्या आधी मी पर्समधून लायसन्सचं कार्ड काढते आणि डॅशबोर्डवर उभं करून ठेवते. नवरा दर वेळी विचारतो, इथे कोण बघतंय? कोणीच बघत नाही. या देशात लायसन्स गाडीत बाळगायची सक्तीसुद्धा नाही. पण जगतापकाकांच्या हाताखाली जो गाडी शिकला त्याची ही खोड जात नाही, आणि लेस्टरच्या मराठी माणसांत त्यांच्या हाताखाली न शिकलेला माणूस शोधावा लागेल.

काका गेल्या हिवाळ्यात गेले. त्यांच्याबद्दल लिहायला बसले तर पहिली आठवते ती ही कार्डाची रीत. धडा पहिला असो की चाळिसावा, विद्यार्थ्याने आधी शिकाऊ लायसन्स समोर ठेवायचं. काका चष्मा कपाळावर सरकवून ते कार्ड नाकाशी धरून वाचत, जणू काल वाचलंच नव्हतं. मग परत डॅशबोर्डवर ठेवत आणि म्हणत, "हं, आता चावी." त्यांची स्वतःची मुलगी अनिता सतरा वर्षांची झाली तेव्हा पहिल्याच दिवशी कार्ड घरी विसरली. काका स्वतः चालवत तिला मेल्टन रोडपर्यंत घेऊन आले होते. काकांनी तिला उतरवलं, पायी घरी पाठवलं आणि स्वतः इंजिन बंद करून पाऊण तास तिथेच बसून राहिले. अनिता आता बर्मिंगहॅमला बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, पण हा किस्सा सांगताना अजून तिचं नाक लाल होतं.

काका दिसायला काही विशेष नव्हते. बुटके, पोटाने जरा सुटलेले, बारा महिने तपकिरी कार्डिगन. मूळचे कराडचे. वयाच्या नवव्या वर्षी आईवडिलांबरोबर लेस्टरला आले. वडील, म्हणजे आप्पा, इथल्या होजिअरीच्या गिरणीत लागले. साठ वर्षांत काकांचं इंग्रजी अस्सल लेस्टरच्या गल्लीतलं झालं होतं. इथले जुने लोक बसवाल्यालासुद्धा लाडाने 'मी डक', म्हणजे 'माझ्या बदका', म्हणतात, तसं काकाही म्हणत. मराठी मात्र नऊ वर्षांच्या कराडच्या पोराचं होतं तिथेच थांबलं होतं. आम्ही पुण्या-मुंबईचे, नागपूरचे लोक दर वाक्यात चार इंग्रजी शब्द टाकणार, आणि हा जन्म इथे काढलेला माणूस मिररला आरसा म्हणणार. इंडिकेटरला ते 'हात' म्हणत. लहानपणी त्यांनी कराडला ट्रकवाल्यांना खिडकीतून हात काढून वळताना पाहिलं होतं, तेवढंच त्यांचं मराठी वाहतूकशास्त्र. "आधी आरसा, मग हात, मग पाय," हा त्यांचा मंत्र. आरशात बघ, सिग्नल दे, मगच पायाने गाडी हलव. यातला क्रम चुकला की ते काही बोलत नसत, नुसता त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबत.

नावाने ते कोणालाच हाक मारत नसत. प्रत्येकाला गावाच्या नावाने. मी नागपूर. माझ्या आधीच्या वेळेला एक अकोला येई, शनिवारी एक ठाणे आणि त्याची बायको डोंबिवली. एकदा गणपतीच्या कार्यक्रमात शाळेच्या हॉलमध्ये काका दारात उभे राहून माणसं आत घेत होते तेव्हा सगळा महाराष्ट्र हजेरी देतोय असं वाटलं. गणपतीच्याच कार्यक्रमात कोणी तरी दर वर्षी विचारायचं की काका, गावाला कधी जाऊन आलात? काका म्हणत, मला विमान मानवत न्हाई. त्यावरून त्यांची थट्टा होई. ताशी सत्तर मैलाने मोटरवेवर जाणारा माणूस विमानाला भितो म्हणून मीही हसले आहे. त्या हसण्याची पुढे मला लाज वाटली.

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा अडतीस वर्षांची होते, हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात नोकरीला. नागपूरला दहा वर्षं गाडी चालवली होती आणि माझं तिथलं लायसन्स मी त्यांच्यापुढे जरा तोऱ्यातच ठेवलं. काकांनी ते उलटसुलट करून पाहिलं. म्हणाले, "हे हितं एक वर्ष चालतं. वर्ष कधी झालं?" वर्ष होऊन तीन महिने झाले होते. मग ते मला कौन्सिलच्या लायब्ररीत घेऊन गेले आणि शिकाऊ लायसन्सचा अर्ज भरून घेतला. पहिल्या धड्याला मी सवयीने चौकात हॉर्न दिला. काकांनी गाडी कडेला घ्यायला लावली, इंजिन बंद करायला लावलं आणि अगदी काळजीने विचारलं, "कुणावर रागावलीस?" मी म्हटलं, कोणावर नाही, असाच दिला. ते म्हणाले, हितं असाच देत न्हाईत.

तीनदा नापास झाले मी. तिसऱ्या वेळी टेस्ट सेंटरच्या बाहेर मला रडू आलं. काकांनी थर्मास काढला. गाडीत खाणंपिणं त्यांना चालत नसे, म्हणून आम्ही दोघं भर थंडीत फुटपाथवर उभं राहून चहा प्यालो. त्यांनी माझी समजूत घातली ती अशी: "तू तीनदा नापास झालीस म्हंजे रस्ता तीनदा वाचला." राग आला, आणि नंतर लक्षात आलं की रडू थांबलंय.

त्यांची आणखी एक पद्धत होती. एक जण चालवत असताना दुसऱ्याला मागच्या सीटवर बसवायचं. माणूस स्वतःच्या चुकांपेक्षा दुसऱ्याच्या चुकांतून लवकर शिकतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे मी मिरजेच्या मागे बसत असे आणि मिरज माझ्या मागे.

मिरज म्हणजे सुजाता. सत्तावीस-अठ्ठावीसची, नर्सिंगचं शिकलेली, म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांची सेवा करायच्या नोकरीवर व्हिसा घेऊन आलेली. तिच्यासारखा हात मी पाहिला नाही. क्लच असा सोडायची की मागे बसलेल्याला कळू नये. काका तिची स्तुती तोंडावर करत नसत, पण ती चालवत असली की थोड्या वेळाने डोळे मिटून बसत. माझ्या वेळी त्यांनी पापणीही मिटल्याचं मला आठवत नाही.

मग तिला बोलावणारी कंपनी बंद पडली. सरकारने नवा मालक शोधायला थोडी मुदत दिली. प्रत्येक मालक पहिला प्रश्न विचारी, गाडी चालवता येते का? कारण हे काम घरोघर फिरायचं. टेस्टची तारीख लांबची मिळाली होती. एका सल्लागाराने तिचा पुढचा अर्ज भरतो म्हणून सांगितलं आणि मुदतीत भरलाच नाही. व्हिसा संपला. इथला नियम असा आहे की ज्याचे राहायचे कागद नाहीत त्याला लायसन्स नाही, असलेलं परत घेतात, आणि तरीही चालवलं तर तो गुन्हा, गाडी जप्त. म्हणजे नोकरीला लायसन्स पाहिजे, लायसन्सला व्हिसा पाहिजे आणि व्हिसाला नोकरी पाहिजे. अडला हरी म्हणतात तोही निदान गाढवाचे पाय धरू शकतो. हिला धरायला पायच नव्हते.

त्या दिवशी मी मागे बसले होते. सुजाताने नेहमीसारखं कार्ड ठेवलं, आम्ही निघालो. नार्बरो रोडच्या पुढे एका शांत गल्लीत तिने स्वतःच सांगितलं की कार्ड परत पाठवा असं पत्र आलंय. अजून पाठवलेलं नाही. टेस्टपर्यंत असंच राहू दे का, एवढंच ती विचारत होती. काकांनी गाडी थांबवायला सांगितली. तिने आरसा, हात, पाय सगळं नीट करून थांबवली. काका उतरले, पुढची आणि मागची 'एल'ची पाटी काढून डिकीत टाकली, तिला डावीकडच्या सीटवर बसायला लावलं आणि स्वतः चालवायला बसले. तिचं घर येईपर्यंत पंचवीस मिनिटं गाडीत कोणी एक शब्द बोललं नाही. ती उतरताना 'येते काका' म्हणाली. काकांनी मान हलवली आणि निघाले.

मी त्यांच्यावर फार चिडले. म्हटलं, काका, तुम्हाला कोण विचारणार होतं? कार्ड तिच्या हातात आहे, तारीख चालू आहे, टेस्टला सहा आठवडे उरलेत, तेवढ्याचाच तर प्रश्न. ते समोर बघत म्हणाले, "रस्ता कुणाच्या बापाचा न्हाई, नागपूर. म्हणून कागद लागतो." हे वाक्य ते नेहमीच म्हणत. त्या दिवशी मला ते दगडासारखं लागलं. मी महिनाभर त्यांच्याकडे गेले नाही. मग दुसरा शिक्षक परवडेना म्हणून नव्हे, दुसऱ्या कोणाशी भांडता येईना म्हणून गेले, आणि चौथ्या वेळी पास झाले.

त्यानंतर वर्षभराने काका सत्तर वर्षांचे झाले. सत्तरीला इथे लायसन्स नव्याने काढावं लागतं. डोळे बरे आहेत, फिट येत नाही, असं लिहून द्यायचं असतं. काकांनी फॉर्म भरला आणि विसरून गेले. काही आठवड्यांनी ते माझ्या घरी आले. कधी न सांगता येत नसत. स्वयंपाकघरात टेबलाशी बसले आणि खिशातून पत्र काढून माझ्यापुढे सरकवलं. कायद्याने या देशात राहण्याचा आपला हक्क आमच्या नोंदीत सापडत नाही, तरी योग्य ती कागदपत्रं पाठवावीत, तोवर लायसन्स देता येत नाही.

मला वाईट वाटलं हे खरं. पण त्याच्या आधी, क्षणभर, बरं वाटलं हेही खरं. सुजाताचा तो पंचवीस मिनिटांचा रस्ता माझ्या डोक्यातून गेला नव्हता.

मी विचारलं, पासपोर्ट? नव्हता. कधीच काढला नव्हता. आप्पा दर वर्षी म्हणत, पुढच्या वर्षी परत जायचं, मग इथले कागद कशाला करायचे? आप्पांचं पुढचं वर्ष आलं नाही आणि काका मोठे झाले, लग्न झालं, तेही इथल्याच हंसाकाकूंशी, पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती घरात. त्या मी येण्यापूर्वीच वारल्या होत्या. काकांना आपण इथले नाही असं कधी वाटलंच नाही. जुन्या कॉमनवेल्थमधून आलेल्यांना इथे मत देता येतं. त्यांनी एकही निवडणूक चुकवली नव्हती. ज्युरीत बसून एका चोराला दोषीसुद्धा ठरवलं होतं. गाडी शिकवायचा हिरवा बिल्ला सरकारनेच दिलेला. पासपोर्ट नाही म्हणून गावाला जाता येत नाही, ही एवढी एक गोष्ट त्यांनी विमानाच्या नावावर खपवली होती. गावाला जाता येत नाही याचं दुःख लोकांना सांगण्यापेक्षा विमानाला भितो म्हणून हसून घेणं त्यांना सोपं वाटलं असणार.

"म्हंजे मी बेकायदा," ते म्हणाले. चहा निवत होता, त्याला त्यांनी हात लावला नव्हता. "पन्नास वर्षं मी बेकायदा चालवतोय."

तसं नव्हतं, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्या काळी आलेल्यांना राहायचा हक्क होताच, फक्त दाखवायला कागद हवा. मग काहीतरी असेल ना, येताना विमानतळावर मारलेला शिक्का? काका म्हणाले, होता. आप्पांच्या पासपोर्टात. पोरांचा वेगळा पासपोर्ट त्या वेळी नसे, आप्पांच्याच पासपोर्टात नऊ वर्षांच्या वसंताचं, म्हणजे काकांचं, नाव होतं, फोटो होता आणि दोघांचा मिळून एक शिक्का होता.

मग तो पासपोर्ट कुठे आहे, असं मी तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी त्यांनी सांगितलं.

आप्पा तो पासपोर्ट उशीखाली घेऊन झोपत. मुदत कधीच संपली होती, पण म्हणत, जाताना हाच लागेल. आप्पा गेले तेव्हा अस्थी कराडला न्यायला काकांकडे जाण्याची सोयच नव्हती. इथे सोअर नदीवर होडीतून अस्थी सोडतात. काकांनी तो पासपोर्ट आप्पांच्या रुमालात बांधला, वर तुळशीचं पान ठेवलं आणि अस्थींबरोबर सोडून दिला.

"आप्पांना परत जायचं होतं," ते म्हणाले. "मला एवढंच देता आलं."

मी उठून चहा पुन्हा गरम करायला ठेवला. ज्या माणसाने चाळिसाव्या धड्यालाही कार्ड सोडलं नाही, त्याने आपला एकुलता एक कागद आपल्या हाताने पाण्यात सोडला होता. आणि मला त्यांना मूर्ख म्हणवेना. माझ्या वडिलांच्या वेळी मीही हेच केलं असतं.

अनिता बर्मिंगहॅमहून धावत आली. तिचं मराठी बेताचंच. "बाबाचा लायसन अडकला आहे, पण रिन्यूअल चालू असताना तो ड्राइव्ह करू शकतो, मी वाचली आहे," असं ती मला पोटतिडकीने सांगत होती. वकिलाला विचारलं असतं तर कदाचित काही वाट निघालीही असती. काकांनी विचारलं नाही. पत्र आलं त्याच दिवशी त्यांनी हिरवा बिल्ला काचेवरून काढला, राहिलेल्या विद्यार्थ्यांना एकेक फोन केला आणि किल्ली माझ्याकडे आणून दिली. घरात राहिली तर हात शिवशिवतो, म्हणाले. मग बेलग्रेव्ह रोडच्या बसमध्ये काका दिसू लागले. पुढच्या सीटवर बसत, आणि ड्रायव्हरने सिग्नल न देता बस काढली की उजवा पाय दाबत. तिथे ब्रेक नव्हता.

जुन्या कॉमनवेल्थच्या लोकांचे असे हाल झाल्यावर सरकारने नंतर एक योजना काढली होती. त्यासाठी पुरावे हवेत, दर वर्षाचा एक तरी. फुकट कायदेशीर सल्ला देणारं एक केंद्र आहे, तिथे मी त्यांना घेऊन गेले. जिन्यावरून वर एक लांबट खोली, भिंतीला लावलेल्या खुर्च्या, आणि एका खुर्चीवर सुजाता.

मी दारातच थबकले. तिने आम्हाला पाहिलं. खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि म्हणाली, "बसा काका."

काका बसले. दोघांच्या हातात नंबराचे कागद होते. तिने विचारलं नाही की तुम्ही इथे कसे, कारण त्या खोलीत माणूस कसा येतो हे तिला ठाऊक होतं. बराच वेळ काका टोपी गुडघ्यावर फिरवत होते.

"मिरज," ते म्हणाले, "त्या दिवशी मी गाडी थांबवली ते बरोबर होतं."

"हो काका."

"पण तुला घरी सोडताना एक शब्द बोललो न्हाई. ते बरोबर न्हाई."

सुजाताने पिशवीतून डबा काढला, त्यात शंकरपाळे होते, आणि तो दोघांच्या मधे ठेवला. काकांनी एक घेतला. थोड्या वेळाने आणखी एक घेतला. तिचा नंबर आधी लागला.

पुढचे दहा महिने कागद गोळा करण्यात गेले. काकांची पहिली शाळा पाडून तिथे फ्लॅट झाले होते, पण तिचं हजेरीपुस्तक काउंटीच्या जुन्या कागदपत्रांत सापडलं. सगळ्या गावांनी पत्रं लिहिली: अकोला, ठाणे, डोंबिवली, मीही. एकेक पत्र वाचून केंद्रातल्या वकील बाई हसायच्या, कारण प्रत्येकाने एकच गोष्ट लिहिली होती की हा माणूस लायसन्स पाहिल्याशिवाय चावी लावू देत नाही.

आणि याच महिन्यांत ते शेत आलं. कॉलिन नावाचा एक शेतकरी होता, त्याच्या तिन्ही मुलांना काकांनी शिकवलं होतं. शहराबाहेर त्याचं गवताचं मोठं रान. खासगी जमीन, जिथे बाहेरच्या कोणाला वाट नाही, तिथे गाडी चालवायला लायसन्स लागत नाही. ही गोष्ट काकांना पस्तीस वर्षं माहीत होती आणि तिचा कधी उपयोग पडला नव्हता. तरी त्यांनी वकील बाईंना विचारलं, कॉलिनकडून चिठ्ठी लिहून घेतली, माझ्याकडून विम्याचे कागद करून घेतले. मग दर रविवारी सकाळी मी काकांची गाडी चालवत त्यांना आणि सुजाताला रानात नेऊ लागले. तिघांत कागदवाली मी एकटी, आणि तिघांत सगळ्यांत वाईट ड्रायव्हरही मीच. वाटेत दोघं मागे बसून माझ्या चुका मोजत.

रानात गेलं की काका स्वतः उतरून फाटक लावत. फाटकाची कडी दोनदा ओढून बघत. मग 'एल'ची पाटी लावत, जी तिथे लावायची काहीच गरज नव्हती. कॉलिनच्या चाऱ्याच्या बादल्या मांडून त्यांनी गोल चौक केला होता, पार्किंगच्या जागा केल्या होत्या. मैलभर माणूस नाही, मागे फक्त मेंढ्या, आणि सुजाता प्रत्येक बादलीला आरशात बघून इंडिकेटर देतेय. मी एकदा म्हटलं, काका, इथे कोणासाठी? ते म्हणाले, सवय कुणासाठी नसते, आपल्यासाठी असते. ती चालवत असली की ते पूर्वीसारखेच डोळे मिटून बसत.

काकांचं लायसन्स आलं, त्याआधी तीन आठवडे राहायच्या हक्काचं पत्र आलं. सत्तरीनंतर तीन वर्षांचंच मिळतं. अनिताने केक आणला, त्यावर गाडी काढली होती. त्याच आठवड्यात सुजाताचं व्हिसासाठीचं अपील फेटाळलं गेलं. तिने आणखी लढायचं नाही, आपण होऊन परत जायचं ठरवलं. मिरजेत तिची आई होती, आणि तिला, ती म्हणाली, आता कोणाच्या दारात कागद घेऊन उभं राहायचं नव्हतं.

जायच्या आधीच्या रविवारी काकांनी तिची टेस्ट घेतली. कार्डिगनवर टाय लावून आले होते. पॅड घेऊन परीक्षकासारखे तिच्या शेजारी बसले, तिच्याशी फक्त इंग्रजीत बोलले, चाळीस मिनिटं बादल्यांमधून फिरवलं. शेवटी पॅडचं पान फाडून तिच्या हातात दिलं. वर 'मिरज' लिहिलं होतं, खाली 'पास, किरकोळ चुका दोन' आणि सही, सहीखाली हिरव्या बिल्ल्याचा नंबर. सुजाताने विचारलं, दोन कुठल्या? काकांनी सांगितल्या नाहीत. मला वाटतं एकही नव्हती. परीक्षक कोणाला पैकीच्या पैकी देत नाही म्हणून लिहिल्या असतील.

मंगळवारी सकाळी ती निघाली. तिच्या घरापासून विमानतळापर्यंत काकाच नेणार होते. मी निरोप द्यायला गेले होते, पुढच्या आठवड्यात आम्ही केंब्रिजला राहायला जाणार होतो, माझी नोकरी तिकडे लागली होती. म्हणजे दोघांचाही निरोप होता, पण काकांचा म्हणून मी तो घेतला नाही. केंब्रिज काय, दीड-दोन तासांवर, असं वाटलं. चार महिन्यांनी अनिताचा फोन आला. काका झोपेतच गेले होते.

दोन बॅगा डिकीत मावल्या. काका चालवायला बसले. कार्डिगनच्या खिशातून नवं कोरं कार्ड काढलं, नाकाशी धरून वाचलं आणि डॅशबोर्डवर ठेवलं. सुजाता शेजारी बसली. मग तिने पर्समधून घडी केलेलं ते पॅडचं पान काढलं आणि त्या कार्डाला टेकून उभं केलं. काकांनी चष्मा वर सरकवला, तेही वाचलं आणि म्हणाले, "हं."

गाडी सुरू झाली तेव्हा काका बोलायला लागले होते. काय बोलत होते ते काच बंद असल्याने मला ऐकू आलं नाही. पण मान तिच्याकडे वळलेली होती, डावा हात गिअर सोडून हवेत काहीतरी समजावत होता, आणि ती हसत होती. ते थांबतच नव्हते. एवढं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. फुटपाथवरून मी हात हलवला, तो दोघांनीही पाहिला नाही.

आणि मग गाडी कडेवरून रस्त्यावर आली. आरशात बघितलं नाही, हात दाखवला नाही, नुसता पाय दिला आणि गेले.